फक्त पक्ष्यांसाठी

जावईबापूंना 'जावईबापू' म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो सध्या कोणाशीच बोलत नव्हता. बायको त्यांना 'अहो' म्हणायची. ऑफिसात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'नामंजूर' म्हणत, कारण विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून परत पाठवण्याचं टेबल त्यांच्याकडे होतं. आपण मात्र त्यांना जावईबापूच म्हणू. ती हाक त्यांना मनापासून आवडायची. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि हाक ऐकू येईनाशी झाल्यावर सांगणार तरी कोणाला?

सासरे रेडिओवर फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचे. करायचे म्हणजे असं करायचे की मैदानात काही घडत नसलं तरी घरी ऐकणाऱ्याचा चहा हातातच थंड व्हायचा. माइक समोर आला की आधी विचारायचे, "आवाज येतोय ना?" तिकडून होकार आला की मगच गाडी सुटायची. सामना संपवून घरी आले की चपला काढता काढता सासूबाईंना तोच प्रश्न, "आवाज येत होता ना?" आणि सासूबाई आतूनच म्हणायच्या, "स्वच्छ." जन्मभर हे असंच चाललं. मग सासूबाई गेल्या. लेकीने वडलांना आपल्याकडे आणलं, मागची खोली दिली, खिडकीशी त्यांची आवडती खुर्ची मांडली. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. हो म्हणायचं तर मान हलवायची, नको म्हणायचं तर हात. ताटातलं अर्धं ताटातच राहायचं.

"अहो, काहीतरी करा ना," बायको म्हणाली. "बाबांचा आवाज नाही तर बाबा घरात आहेत असं मला वाटतच नाही. एवढा एक आवाज परत आणा, मी तुमच्याकडे दुसरं काही मागणार नाही."

शेवटच्या वाक्यावर जावईबापूंचा विश्वास बसला नाही, पण काळजात कुठेतरी लागलं. ते सासऱ्यांजवळ जाऊन बसले. "काय बाबा, कसं काय?" असं विचारून झालं. बाबांनी मान हलवली. विषय संपला. माणसाला प्रेमाचे दोन शब्द बोलता येत नसले की तो हातोडी शोधायला लागतो, तसं जावईबापूंचं झालं. त्यातच डॉक्टर म्हणाले होते, "त्यांचं मन रमेल असं काही बघा." आणि बाजारात एका दुकानाबाहेर जावईबापूंना एक लाकडी घर टांगलेलं दिसलं. उतरतं छप्पर, खाली पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचा कट्टा. दाणाघरच म्हणा ना. बघता बघता त्यांच्या डोक्यात सगळी योजना तयार झाली. खिडकीसमोर दाणे ठेवले की पक्षी येणार, पक्षी आले की किलबिल होणार, किलबिल झाली की बाबा खुर्ची वळवणार, आणि खुर्ची वळली की आज ना उद्या बोलणार. यात कुठे काही चूक असेल तर दाखवावी, असं त्यांनी बायकोला आव्हान दिलं. तिने दाखवली नाही, हे तिचं चुकलंच.

पहिलं घोडं अडलं ते परवानगीपाशी. घर तळमजल्यावरचं असलं तरी खिडकीबाहेरची जागा सोसायटीची होती, आणि सोसायटी म्हणजे वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी. त्या पदावर ते कधी निवडून आले हे कोणालाच आठवत नव्हतं. खांब रोवायचा तर अर्ज हवा, अर्जाबरोबर नकाशा हवा, नकाशात झाड हवं. जावईबापूंनी सगळं दिलं. दुसरा एखादा वैतागला असता, पण हे स्वतः नियमांत वाढलेले. उलट परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांना भरूनच आलं. त्यात लिहिलं होतं, "सदर दाणाघर फक्त पक्ष्यांसाठी राहील. अन्य जीवांनी लाभ घेतल्यास संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची." आपल्यालाही याहून चांगलं सुचलं नसतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

रविवारी खांब उभा राहिला. दाणाघरात सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे भरून जावईबापू खिडकीआड उभे राहिले. मागे खुर्चीत बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळाने समोरच्या झाडावरून पहिला पाहुणा उतरला. उतरला तोही उलटा, डोकं खाली आणि शेपूट वर. आपण शिडीवरून पाठमोरे उतरतो, मांजराला तर चढल्यावर उतरवायला कोणीतरी लागतं. खारीचं तसं नाही. तिची मागची पावलं घोट्यात चक्क मागे वळतात, त्यामुळे तिला चढण आणि उतार सारखेच. ती अर्ध्या वाटेत थांबली. शेपटी झटकून एका डोळ्याने जावईबापूंकडे पाहिलं, दुसऱ्याने दाणाघराकडे, आणि तिचा निर्णय झाला. सुर्रकन खांब चढून ती कट्ट्यावर बसली आणि दोन्ही हातांत दाणा धरून सोलायला लागली. जावईबापूंनी काचेवर टकटक केली. तिने वर पाहिलं आणि शांतपणे त्यांच्याकडे पाठ करून जेवण चालू ठेवलं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते पक्षी कपडे वाळत घालायच्या तारेवर ओळीने बसून होते. बँकेत टोकन घेऊन माणसं बसतात तसे.

पोट भरल्यावर खारबाईंनी साठवणीचं काम काढलं. एक दाणा तोंडात धरायचा, समोरच्या काकूंच्या कुंडीत जाऊन माती उकरायची, तो पुरायचा, वरून हातांनी थापटायचं. मध्येच कोणी पाहतंय असं वाटलं तर नुसतं पुरल्याचं नाटक करायचं आणि दाणा तोंडातच ठेवून भलत्याच कुंडीत जायचं. बिळात कोठार भरून त्यावर बसायचं हे खारीच्या रक्तातच नाही. ती दाणा दाणा वेगवेगळा लपवते, वासावर आणि आठवणीवर बराचसा परत काढते, राहिलेला विसरते. त्या विसरण्यातून झाडं उगवतात. जावईबापूंना मात्र ती सरळसरळ अफरातफर वाटली.

आता आपल्याकडे एक आहे. माणूस आजारी पडला तर लोक विचारपूस करतील न करतील, पण त्याच्या घरात एखादा प्राणी शिरला तर सल्ल्याला तोटा नाही. सर्वांत आधी आले शेजारचे प्रोफेसर. ते अर्थशास्त्राचे, पण त्यांना कुठल्याच विषयाचं वावडं नव्हतं.

"प्रश्न घर्षणाचा आहे," ते खांबावर हात ठेवून म्हणाले. "घर्षण काढून घ्या. खार संपली."

जावईबापूंनी खांबाला वरपासून खालपर्यंत ग्रीस फासलं. खार आली, चढली, हळूहळू खाली घसरली आणि आपले हात हुंगत बसली. जावईबापूंना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खार पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मग ती झाडावर गेली, फांदीच्या टोकापर्यंत पळाली आणि तिथून उडी मारून थेट छपरावर उतरली. दाणे संपले म्हणून जावईबापू शिडी लावून ते भरायला चढले, शिडी जराशी कलली, त्यांनी आधाराला जे हाताशी होतं ते धरलं. हाताशी खांब होता. ऑफिसचा शर्ट, पँट आणि नाकाचं टोक असे सगळे घर्षणाविना खाली आले. कलंडत्या शिडीवर त्यांची लोकरी टोपी अडकलेली होती. ती त्यांनी संध्याकाळी शोधली तेव्हा ती झाडावर चालली होती. खार तिचा एकेक धागा उसवून फांदीच्या बेचक्यातल्या पानांच्या गोळ्यात कोंबत होती. तो गोळा म्हणजे तिचं घर होतं हे जावईबापूंना तेव्हा कळलं. बायकोने मागच्या वर्षी विणलेली टोपी अशी दुसऱ्या संसाराला लागली.

मग समोरच्या काकू आल्या. "अहो, दाण्यांना तिखट चोळा. पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारीला लागतं. साधी गोष्ट आहे."

गोष्ट साधी होती, पण काकूंनी वाऱ्याचं काही सांगितलं नाही. डबा उघडला आणि वारा फिरला. जावईबापू त्या दिवशी सुजलेले लाल डोळे आणि वाहतं नाक घेऊन ऑफिसात गेले. सगळे उठून उभे राहिले. ज्यांचं ते कधी तोंडही पाहत नसत असे लोक येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. "सासरे का?" वरिष्ठांनी हलक्या आवाजात विचारलं. "बाबा बरे आहेत," जावईबापू नाक पुसत म्हणाले. "खार आहे." वरिष्ठांनी दुःखाने माणसाचं काय होतं ते पाहून मान हलवली आणि घरी जायला सांगितलं. नियमात बसत नसल्यामुळे जावईबापू गेले नाहीत.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो नंतर आला. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, काही ना काही कुरतडून ते झिजवावेच लागतात. तिने झाडाची साल कुरतडली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. तिने जावईबापूंच्या स्कूटरची वायर निवडली. विमा त्यांच्याच कंपनीचा असल्यामुळे त्यांचा दावा फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला. 'उंदीर, घूस, खार व तत्सम कुरतडणाऱ्या जीवांनी केलेले नुकसान ग्राह्य नाही' या कलमात 'खार' हा शब्द काही वर्षांपूर्वी त्यांनीच सुचवून घालून घेतला होता. जावईबापूंनी कलम दोनदा वाचलं आणि स्वतःचा दावा नामंजूर केला. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी स्वतः त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला.

या सगळ्या धामधुमीत मागच्या खोलीतली खुर्ची जराशी वळली होती. भिंतीकडे पाठ असं नाही, पण भिंतीशी काटकोनात म्हणा. ताटात उरणारं अन्नही कमी झालं होतं. बायकोने हे सांगितलं तेव्हा जावईबापूंची छाती फुगली. मंगळवारी तारेवरून दोन चिमण्या धीर करून दाणाघरावर येऊन गेल्या होत्या. "किलबिलीचा परिणाम," ते म्हणाले. बायको काहीतरी बोलणार होती, पण त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ पाहून गप्प बसली.

टेंगूळ रबरी सापामुळे आलं. तो सल्ला पुन्हा प्रोफेसरांचाच. जावईबापूंनी खेळण्याच्या दुकानातून हिरवागार साप आणून खांबाभोवती गुंडाळला. खारीने त्याला फांदीवरून पाहिलं आणि शेपटी झटकत असा काही चिक-चिक-चिकचा गजर लावला की सगळी आळी खिडक्यांत आली. सकाळ संपेपर्यंत ती ओरडत होती. दुसऱ्या दिवशी मात्र ती जवळ आली, सापाला हुंगलं, त्याच्या शेपटीचा तुकडा चावून पाहिला आणि त्याच्या डोक्यावर बसून शेंगदाणा खाल्ला. तिला कळलं ते सेक्रेटरींना कळलं नाही. ते संध्याकाळी फेरफटका मारायला निघाले आणि तिथून जे पळाले ते प्रोफेसरांच्या गाडीच्या टपावर जाऊन उभे राहिले. त्यांना समजवायला धावताना जावईबापूंचं कपाळ शिडीवर आपटलं.

सोसायटीची तातडीची सभा भरली. सेक्रेटरींनी परवानगीचा कागद वाचून दाखवला आणि चष्म्यावरून विचारलं, "खार पक्षी आहे का? फक्त हो किंवा नाही सांगा."

"ती झाडावर राहते," जावईबापू म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

"घरटं बांधते."

"तुम्ही विमावाले आहात म्हणून मला गुंडाळू नका."

"मग पिंजरा लावून पकडतो आणि लांब सोडून येतो." यावर बागखात्याला पत्र गेलं आणि तिथले निरीक्षक स्वतः आले. त्यांनी झाड पाहिलं, पानांचा गोळा पाहिला, साप पाहून वहीत काहीतरी खोडलं. "रानातला जीव आहे. पकडायचा नाही, हलवायचा नाही," ते म्हणाले. "आणि त्याने मला छळलं तर?" जावईबापूंनी विचारलं. "त्यासाठी आमच्याकडे अर्जाची सोय नाही," असं म्हणून निरीक्षक निघून गेले.

चहूकडून कोंडी झाल्यावर जावईबापूंचा मूळ स्वभाव जागा झाला. दावा कुठून शिरतो हे ज्याला कळतं त्याला खार कुठून शिरते हे का कळू नये? त्यांनी सुट्टी घेतली. खारीची लांबात लांब उडी कुठून कुठवर जाते ते झाडाखाली उभं राहून पाहिलं. मग खांब उपटून झाड, भिंत आणि तार या तिघांपासून लांब, मोकळ्या जागेत रोवला, आणि पत्रेवाल्याकडून भलंमोठं पत्र्याचं नरसाळं करून आणून ते खांबाला उलटं ठोकलं. दिवसभर ठोकाठोक चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी खार खांब चढली, नरसाळ्याच्या आत शिरली आणि तिचं डोकं पत्र्यावर टणकन आपटलं. ती खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा टणकन. झाडाच्या टोकावरून अंदाज घेतला, उडी झेपेना. शेवटी ती फांदीवर जाऊन बसली आणि तिने शेपटी पाठीवर ओढून घेतली.

तारेवरचे पक्षी उतरले. आधी चिमण्या, मग साळुंक्या, मग कोणीतरी पिवळं, ज्याचं नाव प्रोफेसरांनाही सांगता आलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. काय ती किलबिल. सेक्रेटरींनी वरून हात केला, गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. जावईबापू ग्रीसच्या डागांचा शर्ट घालून बागेत असे उभे राहिले की कोणी फोटो काढला असता तर नको म्हटलं नसतं.

घरात शिरले तर बायको स्वयंपाकघरात उभी होती. समोर बाबांचं ताट, अर्धं भरलेलं.

"खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली," ती म्हणाली. "आणि बाबा पुन्हा गप्प झालेत."

"पुन्हा म्हणजे?" जावईबापू म्हणाले. "बोलत कधी होते?"

बायको ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रागावणार नाही ना? तुम्ही सकाळी ऑफिसला जायच्या आधी शिडी घेऊन बाहेर जायचात ना, तेव्हा बाबा दार लोटून घ्यायचे. मला आधी वाटलं रेडिओ लावलाय. दाराला कान लावला तर बाबा. अहो, धावतं वर्णन करत होते. मोठ्याने नाही, पुटपुटल्यासारखं, पण अगदी तसंच."

"कशाचं?"

"तुमचं. आणि खारीचं."

जावईबापू स्टुलावर बसले.

"ग्रीसच्या दिवशीचं तर मला पाठच झालंय," बायको म्हणाली, आणि वडलांचा आवाज काढला. "'खार पहिल्या फांदीवर, खार दुसऱ्या फांदीवर, इकडे आपले जावईबापू शिडीची तिसरी पायरी चढताहेत, तोल सावरताहेत, आणि नाही, मंडळी, नाही, तोल गेलेला आहे. खांबाला मिठी. काय ही मिठी. असं प्रेम या मैदानावर आजवर पाहायला मिळालं नव्हतं. आणि तिकडे टोपी. टोपी गेली, मंडळी. जावईबापूंना अजून पत्ताच नाही.'"

"एवढे दिवस मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? रोज तुम्हीच हरत होता त्यात. कळलं असतं तर तुम्ही शिडीला हात लावला असता का?"

जावईबापूंना वाईट वाटलं. आपण घरात बसून हसायची गोष्ट झालो होतो, म्हणून तर वाटलंच. पण त्या वाटण्याच्या खाली दुसरंच काहीतरी वर येत होतं. ते उठून गळत नसलेला नळ घट्ट करून आले. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणतात म्हणालीस? आपले जावईबापू?"

"दर वाक्याला," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज सकाळी पक्षी आले तर त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, सामना संपला. मग खुर्ची वळवली."

जावईबापूंनी पाना शोधला.

पत्रा काढणं सोपं होतं. अवघड होतं ते लोकांसमोर काढणं. खांब उपटून पुन्हा झाडाजवळ, खारीच्या उडीच्या टप्प्यात आणायचा, आणि तोही सकाळीच सगळ्या सोसायटीने टाळ्या वाजवल्यावर. प्रोफेसर तातडीने गॅलरीत आले. "हे काय? जिंकलेली लढाई सोडता?" काकूंनी विचारलं, "नरसाळं खारीनेच उचकटलं का हो?" खरं कारण सांगायचं तर बाबांचं गुपित फुटत होतं. जावईबापूंनी खांबावर शेवटचा घाव घातला आणि घाम पुसला. "हरलो," ते म्हणाले. "नाही जमलं." प्रोफेसर म्हणाले, मी आधीच म्हटलं होतं. त्यांनी आधी काहीच म्हटलं नव्हतं, पण जावईबापूंनी तेही ऐकून घेतलं.

आणि मग खारच येईना. दाणाघर भरलेलं, खांब जागेवर, शिडी तयार, पण फांदी मोकळी. एक सकाळ गेली, दुसरी गेली. ज्या जिवाला हाकलायला या माणसाने एवढा आटापिटा केला, त्यालाच तो आता झाडाखाली उभा राहून चिक-चिक करून बोलावत होता. पानांचा गोळा विस्कटलेला होता आणि त्यातून टोपीचा एक धागा लोंबत होता. बाबांची खुर्ची हलली नव्हती. बायको नुसतं ताट उचलून न्यायची.

"तुम्ही इथे काय शोधताय?" काकू कुंड्यांना पाणी घालता घालता म्हणाल्या. "ती गेली की परवाच घर सोडून. तुमची ती ठोकाठोक, वर वाऱ्याने पत्रा वाजायचा. बिचारी घाबरली असणार. एकेक पिल्लू तोंडात धरून नेत होती. पिल्लू तिच्या मानेला असं वेटोळं घालून बसायचं. मी मोजायचं म्हणत होते तर दूध उतू गेलं."

पिल्लं. जावईबापूंना हे सुचलंच नव्हतं. जन्मतात तेव्हा अंगावर केस नसलेली, डोळे मिटलेली पिल्लं, आणि धोका वाटला की आई एकेकाला उचलून दुसऱ्या घरी नेते, हे सगळं त्यांच्या खिडकीसमोर चाललं होतं आणि ते नरसाळं ठोकत होते. "कुठे नेली?" त्यांनी विचारलं. काकूंनी बोट वर केलं. सेक्रेटरींच्या बाल्कनीकडे.

सेक्रेटरींनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपलीत." त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. बाल्कनीच्या कोपऱ्यात सोसायटीच्या जुन्या कागदांचं खोकं होतं. वर्षानुवर्षांचे अर्ज, नकाशे, हरकती यांच्या कुरतडून केलेल्या मऊ गादीत टोपीच्या लोकरीत गुरफटलेली पिल्लं एकमेकांवर पडून होती. एका पिल्लाच्या अंगाखाली कागदाचा तुकडा होता. त्यावर 'फक्त पक्ष्यां' एवढंच उरलं होतं.

"कार्यालयीन प्रत होती," सेक्रेटरी कुजबुजले. खोक्याशेजारी त्यांनी पाण्याची वाटी ठेवली होती, ती त्यांनी पायाने मागे सरकवायचा प्रयत्न केला. "आता प्रतच नाही म्हटल्यावर अट दाखवायची कुठून? म्हणजे तसं पाहिलं तर अट राहिलीच नाही."

"ती खाली येत का नाही?" जावईबापूंनी विचारलं.

"बाळंतीण आहे. पिल्लं टाकून लांब जात नाही. पण हल्ली भूक वाढलीय. सकाळी कठड्यावर येऊन तुमच्या खांबाकडे बघते." सेक्रेटरींनी जावईबापूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी खाली आला. "तिला वाट दाखवायला हवी. कठड्यावरून शेंगदाणे मांडत नेले तर? अर्ज नको. मी काही पाहिलं नाही."

दोघांनी कठड्यावर, पाइपवर, झाडाच्या फांदीवर हात पोचेल तिथवर शेंगदाणे मांडले. एवढी मोठी दोन माणसं पाइपला शेंगदाणे चिकटवताहेत हे प्रोफेसरांनी गॅलरीतून पाहिलं. त्यांना सल्ला सुचेना, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

सकाळी जावईबापू ऑफिसचे कपडे करून शिडी घेऊन निघाले. खुर्ची भिंतीकडेच होती. त्यांनी मुद्दाम शिडी खिडकीवर ठणकन आपटली, "सॉरी बाबा" म्हणाले आणि बागेत गेले. वर कठड्यावर शेपटी हलली. एक शेंगदाणा गेला. पाइपवरचा गेला. मग फांदीच्या टोकाशी ती येऊन थांबली, थोडी वाळलेली, अंगाला जुन्या अर्जांचा चुरा लागलेली. जावईबापूंना तिला पाहून इतका आनंद झाला की त्यांना आपण शत्रू आहोत हेच आठवेना. ते घाईघाईने शिडी चढले आणि दाणाघरापुढे हात आडवे धरून उभे राहिले. आज कसं हरायचं ते त्यांनी आंघोळ करताना ठरवून ठेवलं होतं. थोडी झटापट दाखवायची, एक हुलकावणी खायची आणि अलगद उतरायचं. पण खारीला ही ठरवाठरव कोणी सांगितली नव्हती. तिने उडी मारली ती दाणाघरावर नाही, थेट त्यांच्या डोक्यावर. तिथून खांद्यावर, खांद्यावरून कट्ट्यावर. जावईबापूंनी खांब धरला. खाली पुसलं गेलं तरी वर ग्रीस अजून होतंच. ते खाली आले, शिडी त्यांच्यावर आली, आणि दोघं काकूंच्या कुंड्यांत आडवे झाले. तिथे खारीने पुरून विसरलेल्या बियांमधून सूर्यफुलाची रोपं गुडघाभर वाढली होती आणि ती आपणच लावली असं काकू सगळ्यांना सांगत होत्या.

जावईबापू मातीत तोंड घालून पडून राहिले. काही मोडलं नव्हतं, पण उठायला धीर होईना. मागे काही ऐकू येतंय का म्हणून ते कान देऊन होते. खारीचे दात कटकट वाजत होते, तेवढंच. मग खिडकीची कडी निघाली. इतक्या दिवसांत ती खिडकी कोणी उघडली नव्हती, त्यामुळे ती करकरली.

"जावईबापू," बाबा म्हणाले. आवाज थोडा घोगरा होता, गंजल्यासारखा, पण तोच होता. "आवाज येतोय ना?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. जावईबापूंनी तोंडातली माती काढली. उत्तर काय द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं, सासूबाईंकडून ते कितीदा तरी ऐकलं होतं.

"स्वच्छ, बाबा," ते म्हणाले. "स्वच्छ येतोय."

"मग पडून काय राहिलात? उठा," बाबा खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवत म्हणाले. "ती दाणे घेऊन निघालीय. डावीकडून."